‘कशावरून?’ : गोव्यात इतिहास घेऊन बीए करताना, तीन सेमिस्टरनंतर

बारावीनंतर मी इतिहास घेते म्हटलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही. काकांनी एवढंच विचारलं, “इतिहास शिकून कितें करतलें गो तूं?” तेव्हा मला काही सांगता आलं नव्हतं. आता तीन सेमिस्टर झाली, चौथं चालू आहे. यंदा अर्ज भरताना कोणी अशाच प्रश्नापाशी अडलं असेल, तर त्याच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे.

रचना थोडक्यात सांगते. २०२३-२४ पासून गोवा विद्यापीठाची पदवी चार वर्षांची झाली. तीन वर्षांनी बीए घेऊन बाहेर पडता येतं, चौथं केलं तर ऑनर्स. इतिहास मेजर, जोडीला एक मायनर, शिवाय कौशल्याचे आणि भाषेचे छोटे पेपर. मधल्या परीक्षा म्हणजे आयएसए, शेवटची एसईए. शिकवणं संलग्न कॉलेजात होतं, माध्यम इंग्रजी.

मी डिचोली तालुक्यातली. कळायला लागल्यापासून ‘कदंब’ या गोव्याच्या सरकारी बसमधून फिरते आहे, पण जिच्या नावाचे ते कदंब राजे कोण हे पहिल्या सेमिस्टरपर्यंत कधी मनात आलं नव्हतं. त्यांची राजधानी आधी चांदोरला आणि मग जुवारीच्या काठी गोपकपट्टणला होती हे कळलं. नाण्यांवर ते स्वतःला ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’, म्हणजे सप्तकोटीश्वराचा वर लाभलेले, म्हणवत, हे ऐकलं तेव्हा मात्र मी बाकावर सरळ होऊन बसले. सप्तकोटीश्वर म्हणजे आमचा नार्व्याचा देव. दर वर्षी जिथे जातो तो.

तिथूनच मला हा विषय खऱ्या अर्थाने लागला. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं आणि लिंग नदीपलीकडे हिंदळे नार्व्याला आणलं गेलं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. ‘शिवाजी महाराजांनी देऊळ बांधलं’ हेही ठाऊक असतं. आमच्या सरांनी विचारलं, “कशावरून?” मी म्हटलं, दारावर शिलालेख आहे. “वाचलाय?” नव्हता वाचला. शनिवारी वही घेऊन गेले आणि एकेक अक्षर उतरवून आणलं. त्यात शके १५९० आहे, म्हणजे इसवी सन १६६८. कार्तिक वद्य पंचमी आहे, शिवाजी महाराजांच्या आज्ञेचा उल्लेख आहे आणि शेवटी ‘देवालयस्य प्रारंभः’ असं आहे. म्हणजे त्या दिवशी कामाला आरंभ झाला. ते संपलं कधी, आज दिसणारा घुमट आणि दीपमाळ नेमकी केव्हाची, याबद्दल दगड काही बोलत नाही. ज्या दारातून शेकडो वेळा आत गेले, त्यावरच्या एका शब्दाने माझा पूर्ण आठवडा घेतला. महाराजांबद्दलचा आदर यामुळे तसूभरही कमी झाला नाही. उलट १६६८ साली ते इथे उभे राहून आज्ञा देताहेत हे मला आता जास्त जवळून दिसतं.

दुसरी गोष्ट साडेचारशे वर्षांची. भाषणांत आपण ‘साडेचारशे वर्षांची गुलामगिरी’ असं सरसकट म्हणतो. १५१० ते १९६१ हा हिशेब तिसवाडीला, म्हणजे पणजीभोवतीच्या तालुक्याला, लागू पडतो. बारदेश आणि साष्टी थोड्या वर्षांनी पोर्तुगीजांकडे गेले. पण डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, काणकोण हा नव्या काबिजादीचा, म्हणजे मागाहून जिंकलेला, भाग त्यांच्या हाती कायमचा गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आमच्या तालुक्याच्या वाट्याला त्या राजवटीची पुरती दोनशे वर्षंही आली नाहीत. आमच्याकडे जुनी देवळं, दशावतार, मराठी शाळांची ओढ इतकी घट्ट का राहिली, हे मला त्या नकाशाने समजावलं. हा एक नकाशा शाळेत दाखवला असता तर किती गोष्टी आधी उलगडल्या असत्या!

सगळ्यात कठीण तास इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायासनाचे होते. १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षांचा खंड. वर्गात निम्मी मुलं ख्रिस्ती, निम्मी हिंदू. पहिल्या दिवशी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. माझ्या शेजारी बसणारी ख्रिस्ती मैत्रीण केळशीची आणि माझी कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, जी सोळाव्या शतकात केळशीहूनच हलवली गेली. कदाचित आमचे पूर्वज एकाच वाड्यावरचे असतील. माझे देव घेऊन नदी ओलांडून गेले, तिचे घर धरून राहिले. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत हे बोललो तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि माझेही. इथल्या न्यायासनाची बरीचशी मूळ कागदपत्रं नष्ट झाली आहेत, त्यामुळे कोणता आकडा कुठून येतो हे तपासल्याशिवाय बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलं गेलं. त्या शिस्तीमुळे आम्हाला एकमेकींशी बोलता आलं असं मला वाटतं. केवळ या तासांसाठीसुद्धा मी हा विषय पुन्हा घेईन.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

माझ्या कॉलेजात एका पेपरला जवळजवळ सहा आठवडे शिक्षकच नव्हते. मग तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या आणि उरलेल्या दिवसांत त्यांनी जीव तोडून शिकवलं, पण पोर्शन संपवायचा म्हणजे नोट्स लिहून देणं आलंच. दोन पेपरांत तर तेवढंच झालं. ‘कारणे स्पष्ट करा’ असा प्रश्न, पाच कारणं पाठ, गुण मिळतात. जो प्रश्न नार्व्याच्या दारात मला आठवडाभर पुरला, तो प्रश्नपत्रिकेत कधीच येत नाही. ठरलेली पणसायमळची सहल दोनदा रद्द झाली. कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडात कोरलेली ती चित्रं बघायला शेवटी आम्ही चौघी आपल्या आपण रिवणला गेलो. बैल आणि हरणं ओळखू येतात. ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ आम्ही बराच वेळ नुसतं बघत उभ्या होतो.

पण माझी खरी तक्रार भाषेची आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात आम्हाला एकदा नेलं होतं. १५९५ साली दियोगु दु कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराच्या हाती ज्याची सुरुवात झाली तो हा दफ्तरखाना. मोसमी वाऱ्यांबरोबर सुटणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी जो पत्रव्यवहार चाले, त्याच्या जाडजूड वह्या तिथे आहेत. शेजारच्या मराठी सत्तांशी झालेली पत्रं आहेत, मोडीतले कागद आहेत. काचेपलीकडून एक पान दाखवलं. शाईने कागद जागोजागी खाल्लेला. आणि मला त्यातला एक शब्द वाचता येईना. आमच्या गावांचा इतिहास पोर्तुगीज आणि मोडी या दोन कुलपांत आहे, आणि माझ्या वाट्याच्या तीन सेमिस्टरांत यातली एकही किल्ली कोणी हातात दिली नाही. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांना दोन्ही येत होतं. पोर्तुगीज काळातच ते या दफ्तरखान्याचे प्रमुख झाले, आणि ‘पोर्तुगीज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ अशाच कागदांतून उभा राहिला. त्यांच्याच भूमीतल्या मुलांनी इतिहासाची पदवी घेताना फक्त इंग्रजी पुस्तकांवर भागवावं, हे मला मनापासून खुपतं.

म्हणून मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोडी शिकायला घेतली. रोज एक तास, मे महिनाभर. अक्षरं आठ-दहा दिवसांत येतात, जोडून लिहिलेली ओळ फोडायला वेळ लागतो. आजीच्या पेटीत एक कागद होता, तारखेचा कोपरा फाटलेला. तिच्या मते तो पणजोबांचे वडील जमीन घेताना झालेला. मोडीतला मजकूर मी अडखळत वाचला तर ती उसनवारीची पावती निघाली, आणि रक्कम एस्कुदांत. पोर्तुगीज भारतात रुपया जाऊन एस्कुद आला तो १९५८ च्या सुमाराला. म्हणजे कागद मुक्तीच्या जरा आधीचा, आजोबांच्या काळातला. आजीला हे कसं सांगावं ते मला दोन दिवस कळेना. सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, मग त्या वर्षी आमचं शेत बुडालं होतं, त्याचेच पैसे असतील. आणि तिने त्या पावसाळ्याची सगळी हकिकत सांगितली, जी घरात कोणीच आधी ऐकली नव्हती. मी ती लिहून घेतली आहे, ‘आजीने सांगितले’ असं वर नोंदवून.

आणखी एक. इंग्रजी माध्यमाला घाबरून मराठी वाचणारी मुलं हा विषय टाळतात, त्यांनी टाळू नये. राशोलला १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं आहे. त्यातल्या काही ओव्या वर्गात आल्या तेव्हा वर्गातली सगळ्यात तयार मुलगी मी होते, कारण घरी ज्ञानेश्वरीचं वाचन ऐकत वाढले. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत उत्तर लिहिताना हात कापायचा, तिसऱ्यात तो गेला.

पुस्तकांसाठी कॉलेजच्या लायब्ररीवर विसंबू नका. पाट्टोची कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती लायब्ररी गाठा. तिचं मूळ १८३२ चं आहे, आणि गोव्यावरची जुनी पुस्तकं एवढी एकत्र मला दुसरीकडे दिसली नाहीत. शनिवारी सकाळी डिचोलीहून पणजीची बस धरते आणि स्टँडवरून चालत जाते. दामोदर धर्मानंद कोसंबींचा जुन्या काबिजादींतल्या (तिसवाडी, बारदेश, साष्टी) गावकारीवरचा, म्हणजे गावच्या सामाईक जमीनव्यवस्थेवरचा, लेख मी तिथेच वाचला. गणिती असलेला आपल्याच मातीतला माणूस, नाण्यांची वजनं करून त्यांची झीज मोजणारा, गावच्या जमिनीबद्दल किती बारकाईने लिहितो! त्यानंतर १५२६ चा अफोंसो मेशियाचा फोराल, म्हणजे गावकारीचे रिवाज नोंदवणारी पोर्तुगीज सनद, वाचायला घेतला. अजून अर्ध्यावर आहे.

घ्यावा का? नोकरीची हमी हवी असेल तर मी हो म्हणणार नाही. माझ्या वर्गातले बरेच जण स्पर्धा परीक्षा किंवा बीएडच्या विचाराने आहेत आणि त्यांना याचा उपयोग होतोय. ज्याला आपल्या देवळाच्या, चर्चच्या, बांधाच्या, पेटीतल्या कागदाच्या मागे जावंसं वाटतं त्याने जरूर घ्यावा. फक्त पहिल्याच वर्षी मोडी सुरू करा आणि पणजीतल्या पोर्तुगीजच्या वर्गात नाव घाला. मी दुसऱ्या वर्षापर्यंत थांबले. पोर्तुगीजचा माझा पहिला वर्ग येत्या सोमवारी आहे.