एकेका कोर्सचं अ‍ॅक्रेडिटेशन की अख्ख्या सिस्टमचं?

अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षणाचा दर्जा तपासून मिळणारी मान्यता. ती कुठल्या रस्त्याने घ्यायची हा निर्णय घ्यायची वेळ आली की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हमखास तोच, कशात फायली कमी लागतील. तर कशातच नाही. फायली दोन्हीकडे आहेत, फक्त त्या भरणारे लोक बदलतात.

प्रोग्रॅम अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे बाहेरची टीम येऊन एकच कोर्स आतून-बाहेरून बघते, सिलॅबस, शिक्षक, लॅब, उत्तरपत्रिका, आणि मुख्य म्हणजे पास होऊन गेलेल्या मुलांना खरंच काय येतं ते. अमेरिकेतली एबीईटी ही इंजिनिअरिंगसारख्या कोर्सना मान्यता देणारी संस्था, तिची पद्धत हीच, आधी डिपार्टमेंटने सेल्फ स्टडी रिपोर्ट लिहायचा, मग त्याच विषयातले लोक व्हिजिटला येतात आणि सगळं नीट असेल तर जास्तीत जास्त ६ वर्षांची मान्यता मिळते. सिस्टम अ‍ॅक्रेडिटेशनमध्ये मात्र तुमची कोर्स तपासायची अंतर्गत यंत्रणाच तपासली जाते. जर्मनीत हे दोन्ही रस्ते आहेत, तिथे सिस्टमवाल्या विद्यापीठाला आपल्या कोर्सना अधिकृत शिक्का स्वतःच देता येतो, मान्यता देणाऱ्या बाहेरच्या एजन्सीला दरवेळी बोलवावं लागत नाही. मुदत दोन्हीकडे ८ वर्षं.

ऐकायला दुसरा पर्याय भारी वाटतो, आणि शंभरेक कोर्स असतील तर तो आहेही, कारण प्रत्येक कोर्ससाठी एजन्सीची फी, व्हिजिट, रिपोर्ट करत बसलात तर वर्षभर कुठलं ना कुठलं डिपार्टमेंट त्यातच अडकलेलं असतं. पण बाहेरच्या लोकांपासून सुटका होईल म्हणून कोणी सिस्टम घेत असेल तर थांबा, अंतर्गत तपासणीतही बाहेरचे प्राध्यापक, इंडस्ट्रीतले लोक आणि विद्यार्थी घ्यावेच लागतात, आणि त्यांना शोधायचं, बोलवायचं, त्यांच्या शिफारशींचा पाठपुरावा करायचा हे सगळं आता तुमच्या क्वालिटी सेलवर. दोन माणसांच्या सेलला हे झेपत नाही.

माझ्या मते खरी परीक्षा एकच. मागच्या दोन-तीन वर्षांतला असा एक बदल दाखवा जो फीडबॅक किंवा निकालाच्या आकड्यांमुळे झाला, कोणी ठरवला, कधी लागू झाला, नंतर फरक पडला का, सगळं कागदावर. फीडबॅक फॉर्म सगळेच भरून घेतात हो, पुढे त्याचं काय झालं विचारलं की शांतता. हे दाखवता येत नसेल तर सिस्टमच्या नादी लागू नका, आधी दोन-चार कोर्सचं प्रोग्रॅम अ‍ॅक्रेडिटेशन करा, त्या निमित्ताने डिपार्टमेंटला शिस्त लागते.

इंजिनिअरिंगसारख्या विषयात अजून एक गोष्ट. १९८९ चा वॉशिंग्टन अकॉर्ड हा आंतरराष्ट्रीय करार सदस्य संस्थांनी मान्य केलेल्या इंजिनिअरिंग पदव्या एकमेकांकडे समकक्ष धरतो, आणि तिथे मान्यता त्या कोर्सची लागते, विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. त्यामुळे सिस्टम असूनही काही विद्यापीठं अशा कोर्ससाठी वेगळी मान्यता घेतात, डबल काम आहे पण मुलांच्या कामाचं आहे.

छोटी संस्था, मोजके कोर्स, तर सरळ प्रोग्रॅम. यात फार चर्चेसारखं काही नाही.

कोर्स अगदीच नवा असेल तर मात्र तारखा आधी बघा. एबीईटीला किमान एक तरी विद्यार्थी पास होऊन बाहेर पडलेला लागतो, म्हणजे पहिल्या बॅचला प्रवेश देताना ब्रोशरमध्ये मान्यता छापता येणार नाही, आणि ते मुलांना तेव्हाच स्पष्ट सांगायचं.