डिस्कवर्ल्ड: ४१ पुस्तकं, हात कुठल्याला घालायचा?

हिवाळ्यात जळगावात पाहुणा आला की पहिल्या जेवणाला भरीत आणि कळण्याची भाकरी. केळीचे वेफर्स निघताना बांधून देतात. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी, जादूच्या दुनियेतल्या कादंबरीमालिकेत मात्र वेफर्स आधी येतात. १९८३ ते २०१५ मधल्या ४१ कादंबऱ्या, त्यातली पहिली म्हणून 'द कलर ऑफ मॅजिक' मागवली की फसगत ठरलेली. जुन्या तलवार-जादूवाल्या कादंबऱ्यांची ती टिंगल आहे; त्या वाचलेल्याच नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. शेवटही अधांतरी, पुढचं कळायला 'द लाइट फॅन्टॅस्टिक' घ्या. लेखकाचा हात अजून बसायचा होता.

सुरुवात 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!'ने (१९८९) करा. दारुडा कॅप्टन व्हाइम्स, तीन माणसांवर आलेलं रात्रपाळीचं पहारापथक, आणि नवा भरती झालेला धिप्पाड कॅरट. याला कायद्याचं पुस्तक पाठ, म्हणून तो थेट चोरांच्या संघटनेच्या अध्यक्षालाच चोरीबद्दल अटक करतो. त्या शहरात ही संघटना अधिकृत आहे, हीच तर पंचाईत. पुढे ड्रॅगनवर बाण मारायचा असतो. दहा लाखांत एक शक्यता असली की काम हमखास फत्ते, अशी तिथली समजूत. म्हणून हे लोक नेम मुद्दाम अवघड करत बसतात. एका पायावर उभं राहू का? तोंडाला काजळी फासू? या प्रसंगाला हसू आलं नाही तर मालिका आपली नाही समजा, बाकी ४० पुस्तकांचे पैसे वाचले.

आवडलं तर 'मेन ॲट आर्म्स', मग 'फीट ऑफ क्ले'. 'नाइट वॉच' (२००२) या पथकाचं सर्वांत जबर पुस्तक, पण ते लवकर उघडू नका. आधीचा व्हाइम्स माहीत नसेल तर त्यातलं दुःख पोचत नाही.

एकच वाचायचं असेल तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). देवस्थान अवाढव्य, पण मनापासून मानणारा भक्त एकच उरलाय, म्हणून देवाचं झालंय कासव. मागचंपुढचं काही वाचायला नको.

शक्यतो छापील प्रतच घ्या. तळटीपांत निम्मी मजा आहे, आणि कुठून तरी मिळवलेल्या फाइलीत त्या भलत्याच वाक्यात घुसतात. बहुतेक पुस्तकांना प्रकरणं नाहीत, मधे फक्त मोकळी ओळ. त्यामुळे भुसावळ-नाशिक गाडीत मस्त, झोपताना दहा मिनिटं वाचणाऱ्याचे हाल. आणि अवतरणचिन्हांशिवाय, सगळी मोठी (कॅपिटल) इंग्रजी अक्षरं दिसली तर छपाईची चूक नाही. तिथे मृत्यू बोलतोय.