आठ महिने, एक ग्रंथ आणि सुटलेला नववा फर्मा

इस्लामी तत्त्वज्ञानावरच्या एका ग्रंथाच्या माझ्या प्रतीत पान ११३ ते १२८ दोनदा आहेत आणि १२९ ते १४४ नाहीतच. म्हणजे आठवा फर्मा, सोळा पानांची एक जुडी, दोनदा बांधला गेलाय आणि नववा सुटलाय. एकतीस वर्षं मी पुण्यातल्या छापखान्यांत मुद्रितं तपासली, त्यामुळे हे कसं होतं ते मला पाठ आहे. टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या ओळीने लावलेल्या असतात आणि उचलणाऱ्याचा हात एखाद्या वेळी चुकतो. चूक होते, त्याबद्दल माझा राग नाही. नंतर मला जसं वागवलं गेलं ते मात्र सांगणार आहे. पण आधी ग्रंथाविषयी, कारण आठ महिने तो माझ्या उशाशी आहे.

ईश्वर, दुरित (जगातलं वाईट आणि दुःख) आणि परलोक या प्रश्नांवर मुसलमान तत्त्वज्ञांनी आणि कलामच्या, म्हणजे इस्लामी धर्मचर्चेच्या, पंडितांनी काय लिहिलं, त्याचे इंग्रजीत उतरवलेले उतारे आहेत. छापील किंमत ९०० रुपये, अप्पा बळवंत चौकात दहा टक्के सूट जाऊन ८१० पडले. पेन्शनवर राहणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नाही. घेतला तो एका वाक्यामुळे.

गेल्या वर्षी आई गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन. भेटायला आमच्या जुन्या प्रेसचे बाइंडर आले. मोमीनपुऱ्यात राहतात, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. ते अरबीत एक ओळ म्हणाले आणि मग मराठीत सांगितलं, "आपण अल्लाचे आहोत, ताई, आणि त्याच्याकडेच परत जायचंय." मी विचारलं, "लहान मूल गेलं तरी हेच म्हणता?" ते म्हणाले, "हेच." आणि चहा न घेता निघून गेले.

माझा धाकटा भाऊ १९६३ साली घटसर्पाने गेला. पाच वर्षांचा होता. आई त्यानंतर जन्मभर एकच म्हणत राहिली, "मोठा झाला असता तर काय काय भोगायला लागलं असतं कुणास ठाऊक. देवाने वेळेवर सोडवलं." या वाक्याशी माझं कधी पटलं नाही. आईपुढे बोलले नाही, पण साठ वर्षं ते मला खुपत राहिलं.

ग्रंथ उघडला आणि तिसाव्या पानाच्या आत तेच वाक्य समोर आलं. हजार वर्षांपूर्वीच्या इराकमधल्या बसऱ्यात.

गोष्ट अशी. अबुल हसन अशअरी (मृत्यू ९३६) हे मुअतझिला पंथाच्या जुब्बाईंचे शिष्य. मुअतझिलांचं म्हणणं असं की ईश्वर न्यायी आहे, चांगलं-वाईट माणसाला बुद्धीने कळतं, आणि जुब्बाईंच्या बाजूचे लोक पुढे म्हणत की माणसाच्या हिताचं तेच ईश्वर करतो. परंपरा सांगते की अशअरींनी गुरूला तीन भावांबद्दल विचारलं. एक धार्मिक होऊन मेला, एक पापी होऊन मेला, एक लहानपणीच गेला. जुब्बाई म्हणाले, पहिल्याला स्वर्गात वरचं स्थान, दुसऱ्याला नरक, तिसरा सुरक्षित, पण वरच्या स्थानावर नाही. मग लहानग्याने विचारलं की मला का नाही, मला जगूच दिलं नाहीत, तर? जुब्बाई म्हणाले, ईश्वर सांगेल की तू मोठा झाला असतास तर पापी झाला असतास, नरकात गेला असतास, तुझ्या भल्यासाठीच तुला लवकर नेलं. म्हणजे वेळेवर सोडवलं. तेव्हा अशअरी म्हणाले, आणि आता तो पापी भाऊ नरकातून ओरडला की माझंही पुढचं तुला ठाऊक होतं, मग मला लहानपणीच का नेलं नाहीस? जुब्बाईंकडे उत्तर नव्हतं.

ते पान वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. माझ्या मनातला मुद्दा कुणीतरी इतक्या आधी, इतक्या नेमकेपणाने मांडून ठेवला होता. या एका गोष्टीसाठी ८१० रुपये वसूल झाले असं तेव्हा वाटलं.

पुढे मात्र निराशा झाली. गुरूला निरुत्तर करणारे अशअरी स्वतः काय देतात? ईश्वरावर कशाचंही बंधन नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेत हात घालणं म्हणजे जुलूम, आणि सगळं विश्व त्याचंच, म्हणून त्याच्या हातून जुलूम होऊच शकत नाही. तो सांगतो ते चांगलं, तो मना करतो ते वाईट. दिवाळीच्या सुमारास मैत्रिणींना मी लिहून कळवलं होतं की हा भाग वगळा, यात माणसाला जागाच नाही. मुअतझिलांचं मला जास्त आपलं वाटत होतं. काझी अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) यांच्या उताऱ्यात भरपाईचा विचार आहे. निरपराधाला झालेल्या वेदनेचा मोबदला ईश्वर देतोच, लहान मुलांना देतो, जनावरांनाही देतो. मारलेल्या जनावराचंसुद्धा देणं चुकतं करायचं असतं हे वाचून मला भरून आलं.

दिवाळीतलं ते मत मी आज मागे घेते. कारण कुराणातल्या अठराव्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, सापडलं. मूसा एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवासाला निघतो, परंपरा त्याला खिज्र म्हणते. वाटेत तो पुरुष एका मुलाला मारतो. मूसा हादरतो. नंतर कारण कळतं: आईबाप श्रद्धावान होते, मुलगा पुढे त्यांना बंडखोरीने आणि अश्रद्धेने छळेल अशी भीती होती, त्यांना त्याच्या बदल्यात अधिक चांगलं मूल मिळावं. पुन्हा आईचंच वाक्य, या वेळी खुद्द धर्मग्रंथात. पण या वेळी नीट वाचलं. हे तो पुरुष बोलू शकतो, कारण ते ज्ञान त्याला ईश्वराने दिलंय आणि आपण हे स्वतःच्या मताने केलं नाही असं तो स्पष्ट सांगतो. मूसा पैगंबर असूनही त्याला ते दिसलं नव्हतं. मग माझ्या आईला, मला, शेजारपाजाऱ्यांना ते कुठून दिसणार? अशअरींचं म्हणणं मला आता असं ऐकू येतं की त्या मुलाच्या मरणाचा हिशोब तुम्ही मांडू नका. मांडलात तर पापी भाऊ ओरडेल. चाचांनी त्या दिवशी 'हेच' म्हणून थांबणं, कारण न सांगणं, हे मला तेव्हा कोरडं वाटलं होतं. आता वाटत नाही. मूल गेलेल्या घरात कारण सांगणारा माणूस आला की मी उठून आत जाते.

इब्न सीनांवर (९८० ते १०३७) मी बराच वेळ घालवला. त्यांच्या मते दुरित ही स्वतंत्र वस्तू नाही, ती कशाची तरी उणीव आहे, जसं आंधळेपण. आणि काही अनिष्ट टळणारं नसतं. आग उपयोगी व्हायची तर ती जाळणारी हवी, आणि जाळणारी आग कधीतरी सज्जनाच्या अंगरख्यालाही लागणार. थोडं नुकसान टाळण्यासाठी मोठं भलं अडवणं हेच मोठं अनिष्ट ठरेल. वाचताना मी आगीच्या जागी पाणी घातलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी सात वर्षांची होते, नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत नंतर कितीतरी दिवस चिखलाचा वास होता. मुठेचं पाणी नसतं तर पुणं नसतं, आणि पाणी वाहणारच. इथवर इब्न सीना बरोबर. पण धरणाचं काम पुरं व्हायच्या आधी त्यात पाणी साठलं होतं. त्याला पाण्याचा स्वभाव म्हणता येत नाही, तो माणसांचा निर्णय होता. आणि घटसर्प? 'अनिष्ट थोडं, भलं पुष्कळ' हे वाक्य पूर्ण शहराकडे बघून म्हणता येतं. एका खाटेकडे बघून म्हणता येत नाही. इब्न सीना स्वतः वैद्य होते, त्यांनी अशा खाटा पाहिल्या असणार, म्हणून त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती.

आता त्या फर्म्याकडे येते.

परलोकाचा विभाग गझालींपासून (१०५८ ते ११११) सुरू होतो. तत्त्वज्ञांच्या वीस मतांवर त्यांनी प्रहार केला आणि त्यांतल्या तीन मतांबद्दल त्यांना धर्मबाह्य ठरवलं: विश्व अनादि आहे, ईश्वराला केवळ सामान्याचं (सर्वसाधारण तत्त्वांचं) ज्ञान आहे, विशेषाचं (एकेका वस्तूचं, घटनेचं) त्याच रीतीने नाही, आणि मेलेलं शरीर पुन्हा उठत नाही. तिसऱ्या मुद्द्यावर गझाली आधी विरोधकांची बाजू मांडतात, आणि अगदी प्रामाणिकपणे मांडतात. शरीराची माती होते. मातीतून झाड येतं, ते जनावर खातं, जनावराला माणूस खातो. मग कयामतीला ते कण कुणाच्या शरीरात जायचे? पान १२८ इथे संपतं. पुढचं पान ११३.

गझालींचं उत्तर नववा फर्मा घेऊन गेला. १४५ वर एकदम इब्न रुश्द (११२६ ते ११९८) सुरू होतात, तेही तत्त्वज्ञांच्या बाजूने गझालींना दिलेल्या उत्तराच्या मध्यावर. ते म्हणतात की जे नष्ट झालं ते तेच म्हणून परत येत नाही, जे उठेल ते या शरीरासारखं दुसरं असेल. म्हणजे आक्षेप माझ्याकडे आहे, निवाडा आहे, आणि मधलं बोलणं नाही. या परंपरेत एकजण लिहितो, दुसरा त्याचं वाक्य उचलून त्यावर लिहितो. अशा ग्रंथातून एक फर्मा गेला की उरलेलं सगळं लंगडं होतं. कादंबरीतली सोळा पानं गेली तर माणूस अंदाज बांधतो. इथे अंदाज कशाचा बांधणार? आणि मला तर याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. भावाला वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी दिला, राख नदीत गेली. त्याचे कण कुठे शोधायचे?

दुकानाने सांगितलं, पंधरा दिवसांत बदलून मिळतं, तुम्ही सहा आठवड्यांनी आलात. मी विचारलं, असा ग्रंथ पंधरा दिवसांत १२८ पानं वाचून होतो का? त्यांनी प्रकाशकाकडे बोट दाखवलं. प्रकाशकाला पाच ईमेल केले. पानांचे फोटो मागितले, पाठवले. मग व्हिडिओ मागितला. भाच्याला घरी बोलावून तोही काढून पाठवला. महिनाभराने उत्तर आलं की आवृत्ती संपली आहे, पुढच्या खरेदीवर १०० रुपयांची सवलत घ्या. मला सवलत नको होती, सोळा पानं हवी होती. त्यांच्याकडे मूळ फाइल असणार, ती पानं छापून पाकिटात घालून पाठवली असती तर मी टपालखर्चही दिला असता. तेही लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. आमच्या काळी असा दोष निघाला की मालक स्वतः प्रत बदलून द्यायचे आणि बाइंडरला बोलावून घ्यायचे. हे मी चाचांसमोर म्हणाले तर ते गप्प बसले, आणि म्हणाले, "पानं आणा, मी बसवून देतो."

पुढच्या भागाबद्दल थोडक्यात. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी नरकाग्नीलाही शेवट असू शकतो या विचाराच्या बाजूने युक्तिवाद गोळा केलेत. शिक्षा शुद्ध करण्यासाठी असेल तर ती काम झाल्यावर संपायला हवी, आणि दया क्रोधाहून मोठी आहे. तीन भावांतल्या त्या पापी भावाची कुणीतरी दखल घेतली असं वाटलं. मुल्ला सद्रा (मृत्यू १६४०) म्हणतात की परलोकातलं शरीर आत्मा आपल्या आतून, आपल्या घडणीप्रमाणे उभं करतो. विचार सुंदर आहे, पण पाच वर्षांच्या मुलाची कितीशी घडण झालेली असते? भाषांतरही या भागात जड आहे, एकेक वाक्य आठ-आठ ओळींचं.

छपाई ठीक. अक्षर बारीक, साठीनंतर भिंग लागेल. कागद चांगला आहे. सूची नाही, हा अशा ग्रंथात मोठा दोष.

शेवटी एका ग्रंथालयात पूर्ण प्रत मिळाली. सोळा पानांच्या झेरॉक्सला ३२ रुपये लागले. पानं बसस्टॉपवर उभ्याउभ्याच वाचली. गझाली म्हणतात की माणूस त्याच्या कणांमुळे तो माणूस नसतो. बालपणापासून म्हातारपणापर्यंत अन्नाने शरीर बदलत जातं, जाडी जाते, हाडकुळेपणा येतो, तरी माणूस तोच राहतो. मग ईश्वराने कुठल्याही द्रव्यातून शरीर दिलं तरी परतणारा तोच असेल. राखेचा प्रश्न तिथेच मिटला. मिटला म्हणजे मी मानलं असं नाही. पण मला अडवून धरणारं जे होतं ते तिथे राहिलं नाही.

चाचांनी जादाचा आठवा फर्मा सोडवून काढला आणि त्या जागी झेरॉक्सची पानं शिवून दिली. ६० रुपये घ्यायला लावले मी. त्यांचं वय शहात्तर, सुईत दोरा मी ओवून दिला. शिवता शिवता त्यांनी विचारलं, काय होतं यात एवढं? मी ते वाक्य वाचून दाखवलं, बालपणापासून म्हातारपणापर्यंत शरीर बदलतं तरी माणूस तोच. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "म्हणजे ताई, तुम्ही भेटलात तर तो तुम्हाला ओळखेल?"

मी सत्तरी ओलांडलीय. त्याने मला नऊ वर्षांची पाहिलंय.

तीन तारे. एक प्रकाशकाने घालवला, एक सूची नसल्याने गेला. घेणार असाल तर दुकानातच १२८ च्या पुढचं पान उलटून बघा.