पेपर वाचण्याआधीच सर्टिफिकेट आलं

आमचा पेपर, म्हणजे परिषदेत वाचायचा शोधनिबंध, इंदूरच्या कचरागाडीवर होता. हसू नका. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात या शहराचं नाव वरच आहे, आणि त्यामागे गाड्या, सफाई कर्मचारी, दंड हे सगळं असलं तरी सकाळी गल्लीत येणारा गाडीचा आवाज, त्यावरच्या सूचना आणि ओला-सुका वेगळा करायला घरातल्यांना पटवणारी भाषा हाही संज्ञापनाचाच विषय आहे. मास कम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आम्ही तिघी मैत्रिणींनी रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगरमधल्या मराठी घरांत जाऊन मुलाखती घेतल्या. चहा भरपूर झाला, "तुझं आडनाव काय, मूळचे कुठले" हेही भरपूर झालं. एक आजी म्हणाल्या, गाडीवाला रोज ओरडतो, पण कोणता डबा कशाचा हे मला कळलं ते सुनेने हात धरून दाखवल्यावर. आमचा सगळा मुद्दा त्या एका वाक्यात होता. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 1940 च्या निवडणुकीचा अभ्यास करून म्हटलं होतं की माध्यमातला संदेश थेट सगळ्यांपर्यंत जात नाही. आधी तो काही जाणत्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. आमच्याकडे ती जाणती माणसं म्हणजे सुना निघाल्या.

हे एवढं सविस्तर अशासाठी सांगितलं की एका बनावट परिषदेच्या नादात आमच्याकडून काय गेलं ते नीट कळावं. पैसे गेलेच, पण खरी हानी या पेपरची झाली.

पदवीच्या पोरांना परिषदेची एवढी घाई का, असं बाहेरच्यांना वाटेल. मध्य प्रदेशात 2021 पासून नवं शैक्षणिक धोरण पदवीला लागू झालं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, आणि त्यानंतर बाहेर एम.ए.ला अर्ज करताना "कुठे पेपर वाचलाय का" हा प्रश्न येतोच. घरच्यांना परिषद म्हणजे काय ते ठाऊक नसतं, कॉलेजात सांगायला कुणाला वेळ नसतो. ही पोकळी ज्यांनी बरोबर हेरली आहे त्यांचंच पोस्टर गेल्या दिवाळीनंतर आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं.

पोस्टर दिसायला झकास. आंतरराष्ट्रीय परिषद, विजय नगरातलं हॉटेल, वर ओळीने गोल गोल बोधचिन्हं, खाली परदेशी विद्यापीठांतल्या वक्त्यांचे फोटो. विषयांची यादी मात्र वाचण्यासारखी होती: मीडिया, मॅनेजमेंट, फार्मसी, कृषी, योग, अभियांत्रिकी, "आणि इतर सर्व संबंधित शाखा". संबंधित कशाशी, हे त्यांनाच माहीत. शेवटी ठळक अक्षरांत "यूजीसी केअर लिस्टेड जर्नलमध्ये प्रकाशन". केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, दर्जेदार मानलेल्या नियतकालिकांची यादी. आता ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवा: यूजीसीने केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्येच बंद केली. नियतकालिक चांगलं की वाईट हे आता विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आपापलं ठरवायचं आहे. त्यामुळे आज कुणी नव्या प्रकाशनासाठी केअरचं आमिष दाखवत असेल, तर तो तुम्हाला बंद पडलेल्या दुकानाची पावती दाखवतोय.

गोषवारा पाठवला आणि त्याच संध्याकाळी स्वीकृतीचं पत्र आलं. "आपला शोध अत्यंत मौलिक आहे" वगैरे. सूचना एकही नाही. मागोमाग फोन. "मैडम, सीटें लिमिटेड हैं, आज ही रजिस्ट्रेशन कर दीजिए." फी प्रत्येक लेखकाची वेगळी, 1500 रुपये. तिघींचे 4500. क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेचं नाव नाही, कुणा एका व्यक्तीचं नाव. विचारलं तर उत्तर तयार होतं: "वो हमारे ट्रेज़रर हैं." मग प्रकाशनाचे 2800. मग सर्टिफिकेटची छापील प्रत हवी तर माणशी 400. आणि सगळ्यात कळस म्हणजे "उत्कृष्ट पेपर पुरस्कार", हजार रुपये. पुरस्काराची फी! ती आम्ही भरली नाही, म्हणून आमचा पेपर उत्कृष्ट ठरला नाही. बाकीचे धरून 8500 रुपये गेले.

इथे एक सांगायला हवं. फी मागितली म्हणजे फसवणूक, असं नसतं. खऱ्या परिषदाही फी घेतात, परदेशातल्या तर चांगलीच घेतात, विद्यार्थ्यांना सवलत देतात. फरक वेळेत दिसतो. आमच्या क्षेत्रातली 1950 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेपर मागवते, निकाल जानेवारीत कळवते आणि परिषद मे-जूनमध्ये होते. मधल्या काळात कुणीतरी तुमचं लिखाण वाचतं, नाव झाकून वाचतं, आणि बहुतेकदा नाकारतं. नाकारलं जाण्याची शक्यताच नसेल तर स्वीकारलं गेल्याला काय किंमत?

परिषदेच्या आदल्या दिवशी निरोप आला, "अपरिहार्य कारणास्तव" कार्यक्रम ऑनलाइन होईल. हॉटेलमध्ये नंतर आमच्यातल्या एकीच्या काकांनी चौकशी केली. त्या तारखेचं बुकिंग कुणी केलंच नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी ईमेलमध्ये तिघींची सर्टिफिकेटं हजर: "यशस्वीरीत्या पेपर सादर केला". अजून तोंड उघडायचं होतं! आमची एक मैत्रीण दुसऱ्या दिवशी तापाने आलीच नाही, तिनेही यशस्वीरीत्या सादर केलेलं आहे.

सत्रात आमच्या आधी गुरांच्या चाऱ्यावर एक पेपर झाला, नंतर लोखंडाच्या गंजण्यावर. अध्यक्षांचा कॅमेरा बंद. आम्हाला सात मिनिटं सांगून तीन दिली, सासू-सुनेचा मुद्दा यायच्या आत "थैंक्यू मैडम, वेरी नाइस" झालं. प्रश्न एकही नाही. ज्यांचे फोटो पोस्टरवर होते त्यांपैकी कुणी दिसलं नाही. मी त्यातल्या एका प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून ईमेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: या परिषदेचं नाव मी प्रथमच ऐकतो आहे, माझा फोटो काढायला त्यांना सांगा. नामवंतांची नावं परस्पर वापरणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. जर्नलं आणि परिषदा चालवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेल्या खटल्यात, विद्वानांची नावं परिषदांच्या जाहिरातींत लावल्याचा आरोप होता, आणि मार्च 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. म्हणजे हे फक्त आमच्या गल्लीतलं नाही.

यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण सर्टिफिकेट हातात आलं की बहुतेक जण गप्प बसतात. आमचा पेपर त्यांच्या जर्नलमध्ये आला. लाझर्सफेल्डचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं, मुलाखतींचा तक्ता गायब, माझ्या आडनावातलं एक अक्षर कमी. वर दिमाखात आयएसएसएन क्रमांक. हा आठ अंकी क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ ओळख असते, आपल्याकडे तो दिल्लीहून सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या संस्थेकडून मोफत मिळतो. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. "इम्पॅक्ट फॅक्टर 7" असंही छापलं होतं. जर्नलमधल्या लेखांचा हवाला इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात, त्याचं हे माप. असे आकडे विकणाऱ्या संस्थाही आहेत. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो, तिथे नाव नसेल तर सात काय आणि सत्तर काय.

मग आमच्या गाईड मॅडमनी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या, खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या चर्चासत्राला तोच पेपर सुधारून पाठवायला सांगितलं. तिथल्या अर्जात पहिलीच अट: लेखन पूर्वप्रकाशित नसावं. शिवाय ते साम्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जाणार. आमचेच शब्द, त्या जर्नलच्या नावावर, जवळजवळ सगळे जुळणार. स्वतःच्या पेपरची चोरी केल्याचा शिक्का स्वतःवर बसण्याची पाळी! पेपर काढून टाका म्हणून जर्नलला लिहिलं, तर उत्तर: माघार शुल्क 5000. रजिस्ट्रेशनच्या गूगल फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरांत कॉपीराइट हस्तांतराची टिक होती, तिच्याकडे बोट दाखवलं.

यूजीसीने जून 2019 मध्येच सूचना काढली आहे की संशयास्पद जर्नलमधलं प्रकाशन किंवा तशा परिषदेतलं सादरीकरण निवड, बढती, मूल्यमापन यांत धरू नये. ज्या सर्टिफिकेटासाठी हा सगळा खटाटोप, ते जाणत्या माणसासमोर ठेवलं तर उलट अंगाशी येतं.

तक्रारीचं म्हणाल तर पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 या नंबरवर फोन आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद. उशीर झाला की रक्कम पुढे सरकलेली असते. आम्हाला उशीर झाला होता. शिवाय अडचण अशी की समोरचा म्हणतो, परिषद झाली, सर्टिफिकेट दिलं, पेपर छापला, मग फसवणूक कुठली? म्हणून आम्ही "सेवा मिळाली नाही" असं न लिहिता खोटे दावे एकेक करून मांडले: बुकिंग नसलेलं हॉटेल, संमती नसलेला वक्ता, बंद झालेली केअर यादी, सादरीकरणाच्या आधीच्या तारखेचं सर्टिफिकेट. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट, प्राध्यापकांचा ईमेल, यूपीआयचे व्यवहार क्रमांक. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, तीच कागदपत्रं दिली. प्रकाशनाचे 2800 परत आले, बाकीच्यांची वाट बघतोय. पोस्टर दिसताक्षणी जपून ठेवा. आमचं हॉटेलवालं पोस्टर त्यांनी नंतर बदललं, ग्रुपवर जुनं राहिलं होतं म्हणून वाचलो.

चर्चासत्रवाल्यांना आम्ही सगळं लिहून कळवलं, जुन्या पेपरची लिंकही स्वतःच दिली. त्यांनी तो पेपर घेतला नाही, पण त्यांच्या एका परीक्षकाने वाचून शेरा पाठवला: तुम्ही फक्त मराठी घरांत गेलात, मग सुनेचं ऐकलं जातं ते घरातली म्हणून, की तिने मराठीत सांगितलं म्हणून, हे कसं ठरवणार? फुकट मिळालेला हा एक प्रश्न. 8500 रुपयांत असा एकही मिळाला नव्हता. तेव्हा आता मल्हारगंज आणि छावणीतल्या हिंदी बोलणाऱ्या घरांत मुलाखती सुरू आहेत, नव्या प्रश्नावलीने. अर्जाची मुदत गाठली तर नवा पेपर, नाही गाठली तर पुढच्या वर्षी.