हुमणीसाठी सूत्रकृमींची पावडर : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीला मारणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी, ज्या पावडरीत असतात तिच्या पुडीवर ‘सामान्य तापमानात साठवा’ असे छापले आहे आणि माझी मुख्य तक्रार याच तीन शब्दांबद्दल आहे. वडोदऱ्यात मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या टपाचा कुरिअरचा टेम्पो त्याहूनही तापतो. आत सजीव प्राणी आहेत, रासायनिक भुकटी नव्हे, याची जाणीव विक्रेत्याला नसावी, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

वडोदरा जिल्ह्यातल्या करजणजवळच्या आमच्या गोराडू (वाळूमिश्रित) जमिनीत हुमणी दरवर्षी उसाची मुळे खाते. पहिल्या पावसाळ्यात ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ या सूत्रकृमीच्या जातीची आळवणी केली, म्हणजे पावडरीचे द्रावण मुळांशी ओतले, आणि पंधरवड्यानंतर बुडखे उकरले, तेव्हा अळ्या धडधाकट होत्या. विक्रेत्याने दोष जमिनीला दिला. मी उरलेली पावडर पाण्यात कालवून एका परिचितांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बहुतेक सूत्रकृमी काडीसारखे ताठ आणि निश्चल, म्हणजे मेलेले होते. त्यावर ‘व्हिडिओ पाठवा’ एवढेच उत्तर मिळाले. व्हिडिओ पाठवल्यावर तेही बंद झाले आणि पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

हे औषध फसवे आहे, असे मी तेव्हा ठरवूनच टाकले होते. दुसऱ्या वर्षी गार थर्माकोलच्या डब्यातून माल पाठवणाऱ्याकडून अगदी थोडा मागवला आणि मत बदलले. जुन्या जेवणाच्या डब्यात ओलसर मातीत पावडर मिसळून शेतातल्या काही अळ्या सोडल्या. थोड्याच दिवसांत त्या विटकरी लाल होऊन मेल्या आणि दुर्गंधी मुळीच आली नाही. हा रंग सूत्रकृमींनी अळीत सोडलेल्या जिवाणूंचा असतो. अंधाऱ्या न्हाणीघरात बराच वेळ बसल्यावर त्या अळ्यांची फिकट चमकही दिसली, मात्र घरच्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

शेतात जुलैमध्ये, अळ्या लहान असताना, संध्याकाळी, ओल्या मातीवर, पंपाची बारीक जाळी काढून आणि द्रावण सतत ढवळत आळवणी केली, तेव्हा नव्याने लावलेला ऊस बऱ्यापैकी वाचला. सप्टेंबरमधल्या दांडग्या अळ्यांवर परिणाम कमी दिसला. ही जात १९९२ मध्ये कोईमतूरला उसाच्या शेंडे पोखरणाऱ्या अळीतून मिळालेल्या नमुन्यांवरून नोंदली गेली, म्हणून काही दुकानदार ती खोडकिड्यासाठीही खपवतात. परंतु कांड्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत आळवणीचे पाणी पोहोचत नाही, तेव्हा तो खर्च करू नये.

साठवणीसाठी फ्रिजही नको, कारण ही उष्ण प्रदेशातली जात कडक थंडी सोसत नाही. माठाजवळचा गार कोपरा पुरतो. बिघ्यामागे खर्च दाणेदार रसायनापेक्षा जास्तच येतो, त्यामुळे यंदा खोडव्यासाठी (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसासाठी) पुडी घेताना उत्पादनाची तारीख ठळक छापलेली असेल आणि माल गार डब्यातून येणार असेल, तरच पैसे देणार आहे. शिवाय चिमूटभर पावडर आधी डब्यातल्या अळ्यांवर वापरून पाहीन. त्या लाल झाल्या नाहीत तर उरलेली पुडी शेतात न नेता तशीच परत पाठवीन.