घरच्या घरी स्क्रीन प्रिंटिंगचं किट: फ्रेम भारी, शाई बेकार

मंडळाच्या वीस-पंचवीस टीशर्टची ऑर्डर कोण सरळ घेत नाही, घेतलीच तर स्क्रीनचा खर्च वेगळा लावतात, म्हणून यंदा घरीच छापूया म्हटलं आणि ऑनलाइन एक स्टार्टर किट मागवलं. दोन हजारांच्या आत बसलं. नाव सांगत नाही, कारण असल्या बहुतेक किटांत माल तोच असतो: जाळी लावलेली लाकडी फ्रेम, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), इमल्शनची बाटली (जाळीवर लावायचं, उजेड पडला की घट्ट होणारं द्रव), सेन्सिटायझरची पुडी (इमल्शन उजेडानं घट्ट व्हावं म्हणून त्यात मिसळायची), काळी आणि लाल शाई, आणि झेरॉक्स मारलेला एक माहितीचा कागद.

फ्रेमला पैकीच्या पैकी मार्क. जाळी अशी ताणलेली की टिचकी मारली की हलगीसारखी वाजते. ४३ टी, म्हणजे सेंटीमीटरला ४३ धागे, इंचाच्या हिशोबात साधारण ११० मेश, टीशर्टला ही बरी पडते, फार बारीक जाळीतनं कापडाची शाई कमी उतरते. स्क्वीजीचं रबर पण सरळ कापलेलं आहे. फक्त फ्रेमच्या कोपऱ्यांखाली जाड पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा, कापड आणि जाळीत २-३ मिमी फट राहिली की स्क्वीजी पुढं गेल्यागेल्या जाळी उचलते आणि कडा स्वच्छ येतात. हे त्या कागदात कुठंच नाही.

इमल्शन लावलेल्या जाळीवर डिझाइनची प्रिंट ठेवून उजेड दाखवायचा, काळ्या अक्षरांखालचं इमल्शन मऊ राहतं आणि धुतलं की तिथली जाळी उघडते, तिथनंच शाई उतरते. त्यासाठी कागदात काय आहे, तर "उन्हात १० मिनिटं ठेवा". कुठल्या उन्हात ओ? मे महिन्यातलं कोल्हापूरचं ऊन आणि आषाढातलं ढगाळ आभाळ एकच का? कागदाप्रमाणं केलं तर इमल्शन गरजेपेक्षा जास्त घट्ट झालं आणि धुताना बारीक जागा उघडल्याच नाहीत. मोठी अक्षरं आली, पण अनुस्वार गायब, "मंगळवार पेठ"चं "मगळवार पेठ" झालं आणि रफार नुसता पुसट. मराठी अक्षरांचं हे दुखणं आहे, टिंबं आणि गाठी आधी बुजतात. त्यामुळं आधी एक चाचणी घ्याच: डिझाइनवर पुठ्ठा ठेवून दर मिनिटाला थोडा थोडा सरकवायचा आणि मग धुवायचं, जिथं इमल्शन वाहून जातं तिथं उजेड कमी पडला, जिथं अक्षर उघडत नाही तिथं जास्त झाला, मधली पट्टी आपली. पुढं मी यूव्ही एलईडीचा फ्लड लाइट घेतला आणि ढगांची कटकटच मिटली. डिझाइन बटर पेपरवर लेझर प्रिंट काढलं तरी चालतं, पण काळा रंग गच्च पाहिजे, नसेल तर दोन प्रिंट एकावर एक तंतोतंत बसवा.

सेन्सिटायझरच्या पुडीवर मात्र माझा खरा राग आहे. नारिंगी खडे, म्हणजे अमोनियम बायक्रोमेट, विषारी आणि कॅन्सरकारक गोष्ट, आणि सोबत ना हातमोजे ना एका ओळीची सूचना. घरात लहान पोरं असली तर ही पुडी उघडूच नका. डायझोवालं (दुसऱ्या प्रकारचं सेन्सिटायझर) किंवा पुडी न मिसळता वापरायचं तयार फोटोपॉलिमर इमल्शन वेगळं घ्या, थोडं महाग पडतं, पण बायक्रोमेट लावलेली स्क्रीन अंधारात ठेवली तरी आपोआप घट्ट होत जाते, त्यामुळं आज कोटिंग करून उद्या एक्स्पोज (उजेड दाखवणं) असं जमत नाही.

शाई तर सरळ बाजूला ठेवा. पहिल्याच धुण्यात फिकी पडली. लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारलं की सामान कुठं मिळतं ते कळतं, तसाच एका दुकानात पोचलो, तर मालक म्हणाले, "दादा, कागदाची शाई कापडाला नको, पिगमेंट आणि बाइंडर घ्या, फिक्सर टाकून छापा." पिगमेंट म्हणजे रंग, बाइंडर तो कापडाला धरून ठेवतो आणि फिक्सर तो धुण्यात टिकवतो. तसं केलं, छापल्यावर पूर्ण वाळू दिलं आणि वरनं कापड टाकून कडक इस्त्री मारली, रंग बसला. टीशर्ट नवा असेल तर आधी धुवून घ्या, खळ निघाली की शाई आत मुरते. पाण्याची शाई जाळीत पटकन सुकते, म्हणून मध्येच चहाला उठायचं नाही, उठायचंच तर जाळीवर शाईचा एक पातळ थर ओढून ठेवायचा. प्लास्टिसॉल, म्हणजे प्लास्टिकची शाई, जाळीत सुकत नाही, पण तिला १६० अंशांपर्यंत ताव लागतो आणि घरच्या इस्त्रीवर त्याचा भरवसा नाही.

किट घ्यायचं का? फ्रेम आणि स्क्वीजीसाठी घ्या, नाहीतर हे दोन्ही सुटंच घ्या. पांढऱ्या किंवा फिक्या टीशर्टवर एक रंग, एवढं ह्यात लई झकास होतं. काळ्या कपड्यावर आधी पांढऱ्याचा थर, तो सुकवा, मग त्यावर बरोबर जागेवर दुसरा रंग, हे बिजागरीच्या क्लॅम्पशिवाय जमत नाही आणि किटमध्ये क्लॅम्प नाही. आमच्या पोरांना नेमके काळेच टीशर्ट पाहिजेत, ते मी बाहेरच देणार.