पोमोना की डेट्रॉइट? हॉट रॉड शोचं तिकीट काढण्याआधी

अमेरिकेत राहणारे मित्र दर थंडीत हेच विचारतात, एकच हॉट रॉड शो (हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत काटछाट करून, दमदार इंजिन बसवून बनवलेली वेगवान गाडी) बघायला जमणार आहे तर कुठे जाऊ. एक आहे कॅलिफोर्नियात पोमोनाचा ग्रँड नॅशनल रोडस्टर शो, जानेवारी संपता संपता, आणि दुसरा साधारण महिन्याभराने डेट्रॉइटचा ऑटोरामा. पहिला १९५० ला ओकलंडमध्ये सुरू झाला आणि नंतर पोमोनात आला, दुसरा १९५३ चा, म्हणजे वयात फारसा फरक नाही.

फरक बक्षिसात आहे, आणि त्यावरच तुम्हाला काय बघायला मिळणार ते ठरतं. पोमोनाचं मोठं बक्षीस फक्त रोडस्टरला, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली उघडी गाडी, तीही १९३७ पर्यंतचीच, ट्रॉफी नऊ फूट उंच. त्यामुळे तिथे जुन्या फोर्डची फौजच असते, त्यातही १९३२ ची, कारण त्या वर्षी फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन दिलं, ६५ हॉर्सपॉवरचं, आणि पोरांनी मडगार्ड उपटून, वजन कमी करून त्या गाड्या कॅलिफोर्नियातल्या एल मिराजसारख्या सुकलेल्या तलावांवर पिटाळल्या, सगळी कथा तिथूनच सुरू होते. डेट्रॉइटच्या मोठ्या बक्षिसाला, म्हणजे रिडलर अवॉर्डला, असलं बंधन नाही, गाडी कुठल्याही वर्षाची चालते, अट एकच की आधी कुठेही दाखवलेली नसावी. आठ गाड्या फायनलला येतात आणि त्यांच्या पोटाखाली आरसे ठेवतात, खालचे नटबोल्टसुद्धा चकाकत असतात!

पण खरं सांगू, असली चकाचक गाडी तासाभराने डोक्यात जाते. डेट्रॉइटला मग तळघरात उतरायचं, तिथे रॅट रॉड, म्हणजे मुद्दाम गंजक्या, ओबडधोबड ठेवलेल्या हॉट रॉड, जुन्या रॉक-अँड-रोल ढंगाचे रॉकबिली बँड, तेलकट हातांची माणसं, गप्पा मारायला एकदम तयार. पोमोनात तेच काम स्वीड पॅलेस नावाचा हॉल करतो, आणि वर शनिवार-रविवारी बाहेरच्या मोकळ्या जागेत लोक आपापल्या गाड्या चालवत घेऊन येतात. मला हेच जास्त भावतं, हॉट रॉड नुसती बघायची म्हणजे ढोल-ताशा म्यूट करून बघण्यासारखं. डेट्रॉइटला त्या दिवसांत रस्त्यावर बर्फ आणि मीठ, त्यात असली गाडी कोण काढणार, ट्रेलरवरूनच येतात.

म्हणून भारतातून आई-बाबा आले असतील किंवा सोबत लहान पोरं असतील तर डोळे झाकून पोमोना, ऊन असतं, बाहेर बसता येतं. स्वतः वेल्डिंग-पेंटचं काम करत असाल, बारकावे चाटून-पुसून बघायचे असतील तर डेट्रॉइट, जाड जॅकेट घेऊन.

(आपल्याकडे हे व्हायला हवं असं कोणीतरी म्हणतंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असले मोठे बदल करूच देत नाही, आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमांतही पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपातलीच लागते. फोर्डमध्ये शेव्हीचं (शेव्हरोलेचं) इंजिन बसवलंत की संपलं.)

पोमोनाला जाणार असाल तर ओंटारियो विमानतळाचं तिकीट बघा, लॉस एंजेलिसपेक्षा बरंच जवळ पडतं, फक्त बुक करताना कॅनडातलं ओंटारियो नाही ना ते तपासा, हसू नका, माझा एक भाचा अगदी पेमेंटच्या पानापर्यंत पोचला होता.